शरीरातच अडवणारी प्रथिनं असतील, तर गोळ्या कशाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना एचआयव्ही आहे. एआरटी सेंटरची (एचआयव्हीच्या उपचार केंद्राची) टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, गोळी रोज चालू आहे. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती म्हणते, या विषाणूला अडवणारी प्रथिनं आपल्या पेशींतच असतात. सियागंजातून प्रतिकारशक्तीचं चूर्ण आणून दिलं तर ती वाढतील का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, मुलगी म्हणते ते खरंच आहे. एपोबेक-३जी घ्या. हे प्रथिन नव्या विषाणूकणात चढून बसतं. तो कण पुढच्या पेशीत शिरून आरएनएवरून डीएनए लिहू लागला, की हे त्या डीएनएच्या मजकुरातल्या ‘सी’ अक्षरांचं ‘यू’ करत सुटतं. मजकूर इतका बिघडतो की विषाणू निकामी होतो. पण एचआयव्हीकडे व्हिफ हे स्वतःचं प्रथिन आहे. व्हिफ एपोबेकला धरून पेशीच्याच यंत्रणेकडून त्याच्यावर युबिक्विटिनची, म्हणजे ‘हे मोडा’ अशी, खूण करवून घेतं, आणि खूण लागलेल्या प्रथिनाचे पेशी तुकडे करते. कणात चढायला एपोबेक उरतच नाही. बाहेर पडणारे कण पेशीलाच बांधून ठेवणाऱ्या टेदरिन या आपल्या प्रथिनालाही विषाणूचं व्हीपीयू हे प्रथिन असंच हटवतं.

सॅमएचडी-१ या आपल्या आणखी एका प्रथिनाला मात्र एचआयव्ही-१ या प्रकाराकडे तोड नाही (एचआयव्ही-२कडे आहे). निवांत सीडी४ पेशीत (एचआयव्ही जिच्यात शिरतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशीत) ते डीएनएचा कच्चा माल तोडून टाकतं, त्यामुळे विषाणूची नक्कल अर्ध्यावर अडते. पण पेशी चेतवली गेली, विभाजनाला लागली, की त्याचा हा अडसर निघतो. शिवाय जाग्या पेशीतली एनएफ-कॅपा-बी आणि सायक्लिन टी-१ ही आपलीच प्रथिनं विषाणूची जनुकं जोरात वाचून देतात. म्हणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे चूर्णाने या पेशी खरोखर चेतवल्या, तर ते विषाणूच्याच पथ्यावर पडेल!

दुसरा धोका रोजचा आहे. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत जोडू देत नाही. पण पोटात लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम भेटलं की ते त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. चूर्णात लोहभस्म किंवा शंखभस्म असू शकतं. डॉक्टरांनी लोह-कॅल्शियमच्या गोळ्या किंवा मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध (अँटासिड) दिलं असेल, तर टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमची गोळी जेवणासोबत टीएलडीबरोबर चालते. अशा अँटासिडला ही सवलत नाही.

चूर्ण आधीच सुरू केलं असेल तर थांबवा, पाकीट घेऊन सेंटरवर दाखवा आणि व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी कधी आहे तेही विचारून घ्या.