वाचकांचे प्रश्न : अथेन्समधले चार दिवस

यंदा अथेन्सबद्दल बरीच पत्रं आली. जायचं ठरतंय ते एप्रिल-मेच्या शाळेच्या सुट्टीत, आणि घोळक्यात आई-वडील, मुलं, शाकाहारी मावशी असे सगळेच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : बाबांचे गुडघे दुखतात. अॅक्रोपोलिसचा, म्हणजे प्राचीन देवळांच्या टेकडीचा, चढ त्यांना झेपेल का? तिकीट तिथंच जाऊन काढलं तर चालतं का?

तिकीट इथूनच, सरकारी संकेतस्थळावरून काढून जा. २०२३ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर वेळ छापलेली असते. त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंतच आत सोडतात. "रिक्षा मिळाली नाही" ही सबब तिथं चालत नाही. सकाळी आठची वेळ घ्या. जून-जुलैत दुपारचं तिकीट तर अजिबात काढू नका. उष्णतेची लाट आली की दुपारी बारा ते पाच टेकडी बंद ठेवतात, २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तसं झालं होतं. बेळगावच्या हवेत वाढलेल्या माणसाला चाळीस अंशांचं कोरडं ऊन आणि वर सावलीचं एक झाडही नाही, हे सोपं जात नाही.

चढ फार मोठा नाही. त्रास होतो तो संगमरवराचा. लाखो पावलांनी घासून तो काचेसारखा झालाय, आणि कोरडा असतानाही पाय सरकतो. पाऊस पडून गेला असेल तर विचारूच नका. रबरी तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट हवेत. अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल कितीही झोकदार असली तरी तिचा कातडी तळवा तिथं घात करतो. ती संध्याकाळी जेवायला जाताना घाला.

फाटकं दोन आहेत. गर्दी पश्चिमेकडच्या मुख्य फाटकावर असते. आग्नेयेकडचं फाटक 'अक्रोपोली' मेट्रो स्टेशनपासून चार पावलांवर आहे आणि वाटेत डायोनिससचं नाट्यगृहही बघून होतं. चालणाऱ्यांनी हेच घ्यावं. बाबांना चढ जमणार नसेल तर मात्र मुख्य फाटकावर जा. उत्तरेच्या कड्याला लिफ्ट आहे, ती चालता न येणाऱ्यांसाठीच आहे, फाटकावरच्या माणसाला सांगावं लागतं. वर व्हीलचेअरसाठी काँक्रीटची वाट केली आहे. मोठ्या पिशव्या आणि बाबागाडी आत नेऊ देत नाहीत.

प्रश्न (खानापूर) : वर पडके खांब सोडून बघण्यासारखं काय आहे? गाइड घ्यावा का?

गाइड घेतलात तर चांगलंच. नाही घेतलात तर निदान या दोन गोष्टी नीट बघा.

पार्थेनॉन हे टेकडीवरचं मुख्य देऊळ इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधलं गेलं. लांबीला १७ आणि रुंदीला ८ खांब. खालचा ओटा सरळ दिसतो, पण तो सरळ नाही. प्रवाशांना अडवणाऱ्या दोरीपाशी, कोपऱ्याच्या रेषेत उभे राहा, थोडं वाका आणि पायरीच्या कडेवरून पलीकडच्या टोकाकडे नजर टाका. मधला भाग फुगलेला दिसेल. अरुंद बाजूला सुमारे ६ आणि लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर. पलीकडच्या टोकाशी कुणी टोपी ठेवली तर या टोकाला डोळा टेकवणाऱ्याला ती दिसणार नाही. खांबही किंचित आत कललेले आहेत, आणि मधे थोडे फुगीर. लांबच लांब रेष अगदी सरळ ठेवली तर ती डोळ्याला खचल्यासारखी दिसते, म्हणून ही खटपट केली असं सांगतात. ओटा फुगीर म्हटल्यावर त्यावरचा प्रत्येक दगड वेगळ्या मापाचा घडवावा लागला, हे गवंड्याच्या डोळ्यानं बघितलं की खरं आश्चर्य वाटतं.

दुसरी गोष्ट, पिवळसर खांबांमधले पांढरे तुकडे. तो नवा संगमरवर. मूळ कारागिरांनी दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते आणि पट्ट्यांवर शिसं ओतलं होतं, त्यामुळे त्यांना गंज चढला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डागडुजी झाली तेव्हा उघडंच लोखंड घातलं. लोखंड गंजलं की फुगतं, फुगलं की दगड फोडतं. १९७५ पासून चाललेलं काम मुख्यतः त्या डागडुजीचीच डागडुजी आहे. आता टायटॅनियमच्या सळ्या घालतात. तेव्हा क्रेन आणि परांच्या फोटोत आल्या म्हणून हळहळू नका. देऊळ पडकं झालं ते निव्वळ म्हातारपणानं नाही. १६८७ मध्ये तुर्कांनी त्यात तोफांचा दारूगोळा साठवला होता आणि व्हेनिसच्या तोफेचा गोळा नेमका तिथं पडला.

एरेक्थिऑन या शेजारच्या देवळाच्या सज्जाला पेलणाऱ्या सहा स्त्रीमूर्ती टेकडीवर दिसतात, त्या सगळ्या प्रतिकृती. पाच अस्सल खाली अॅक्रोपोलिस म्युझियममध्ये, सहावी लंडनला. म्युझियमचं तिकीट वेगळं काढावं लागतं. क्रम असा ठेवा : सकाळी टेकडी, दुपारच्या उन्हात थंडगार म्युझियम. वरच्या मजल्याचा काचेचा दिवाणखाना पार्थेनॉनच्याच मापाचा आणि त्याच दिशेचा आहे, त्यामुळे समोर टेकडीवर देऊळ आणि भोवती त्याचं कोरीवकाम असं एकाच वेळी दिसतं.

प्रश्न (निपाणी) : घरात तिघं शुद्ध शाकाहारी, त्यात सासूबाई अंडंही खात नाहीत. सॅलड खाऊनच राहायचं का?

एक शब्द पाठ करा : नीस्तीसिमो. म्हणजे उपवासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे आणि एरवीही बरेच दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्यामुळे कुठल्याही साध्या टॅव्हर्नात, म्हणजे खाणावळीत, या पद्धतीचं काहीतरी असतंच. खाचखळगा एकच, या उपासाला कोळंबी, माकुळ, ऑक्टोपस चालतात, कारण त्यांना रक्त नाही असं मानतात. म्हणून पुढं जोडा, "होरीस थालासीना", समुद्रातलं नको. कांदा-लसूण नको असेल तर "होरीस क्रेमीदी, होरीस स्कोर्दो". मी शाकाहारी आहे, "इमे होर्टोफागोस".

आता मागवायचं काय. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, फोडणी नाही, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. यीगान्देस म्हणजे अंगठ्याएवढे पांढरे पावटे टोमॅटोत भाजलेले. ब्रिआम ही वांगी, बटाटा, दोडक्यासारखी भाजी तेलात भाजून केलेली. होर्टा म्हणजे उकडलेला रानपाला, लिंबू पिळून. मेलित्झानोसालाता हे चक्क वांग्याचं भरीत, थंड. या तेलातल्या भाज्या कोमटच वाढतात, ती रीतच आहे, "गरम करून द्या" म्हणून परत पाठवू नका. त्झात्झीकी म्हणजे चक्क्यातली काकडीची कोशिंबीर, लसूण भरपूर.

फसायला होतं ते इथं. द्राक्षाच्या पानांचे दोल्मादाक्या दोन प्रकारचे, त्यातले 'यालान्जी' नुसत्या भाताचे, दुसऱ्यात खिमा. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांचं येमिस्तासुद्धा तसंच, बिनखिम्याचं असेल तर 'ओर्फाना', म्हणजे अनाथ, म्हणतात. स्पानाकोपिता म्हणजे पालक भरून भाजलेली पाई. तिचे कागदी पापुद्रे बघून बेळगावकराला मांडे आठवतील, पण आत फेटा आणि बहुतेक वेळा अंडं असतं, सासूबाईंना देऊ नका. 'अवगोलेमोनो' हा आंबट रस्सा दिसतो लिंबाचा, असतो अंड्याचा. फेटाला पनीर समजून मोठा घास घेऊ नका, खारट असतो, आणि बऱ्याचदा जनावराच्या पोटातल्या विरजणानं, रेनेटनं, लावलेला. सकाळी रस्त्यावर मिळणारं तिळाचं कडं, कुलुरी, बिनधास्त घ्या.

चौघांत पाच-सहा ताटल्या मधे ठेवून वाटून खायची पद्धत आहे, माणशी एक मागवलीत तर उरेल. न मागता आलेला ब्रेड फुकट नसतो. माशांचे भाव मेन्यूवर किलोचे असतात, ताटलीचे नाहीत, मत्स्याहारींनी आधी वजन विचारावं. बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही, "तो लोगारियाझ्मो". छापील पावती दिली नाही तर गिऱ्हाइकानं पैसे देणं बंधनकारक नाही, असं मेन्यूवरच लिहिलेलं असतं. ग्रीक कॉफीचा तळाचा घोट पिऊ नका, गाळ असतो. मध्यम गोड हवी तर "मेत्रिओ" म्हणा.

घरचं बांधून नेणार असाल तर भाजणी, मेतकूट, चटणी चालेल. कुंदा नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, खवा त्यातच आला. हापूसही नाही. तूरडाळ, आटा, लोणचं संपलं तर ओमोनिया चौकाच्या दक्षिणेकडच्या गल्ल्यांत पाकिस्तानी-बांगलादेशी किराणा दुकानं आहेत. दिवसा जा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : गल्ल्या फिरायची आवड आहे. कुठं राहावं आणि पायी काय फिरावं?

राहायला कुकाकी. अॅक्रोपोलिसच्या दक्षिणेला, शांत, मेट्रो जवळ, आणि किराणा दुकानं तिथल्या माणसांची. प्लाका या टेकडीखालच्या जुन्या वस्तीच्या मधोमध खोली घेतली तर रात्री उशिरापर्यंत आवाज आणि दगडी फरशीवरून चाकांची बॅग ओढणं आलं.

प्लाकात आद्रिआनू ही बाजारपेठेची गल्ली, आपल्या गणपत गल्लीसारखी गर्दीची, फक्त माल सगळा प्रवाशांसाठी. ती एकदा बघा आणि वर चढा. स्त्रातोनोस रस्त्याच्या टोकाशी सेंट जॉर्जचं छोटं चर्च आहे, त्याच्या बाजूनं जी वाट शिरते ते अनाफिओतिका. एकोणिसाव्या शतकात ग्रीसचा राजा ओटो याच्या बांधकामांसाठी अनाफी बेटावरून आलेल्या गवंड्यांनी टेकडीच्या कुशीत आपल्या बेटासारखी पांढरी घरं बांधली. बोळ काही ठिकाणी एका माणसाच्या रुंदीचा आहे. लोक अजून राहतात, तेव्हा खिडकीत कॅमेरा घालू नका आणि मोठ्यानं बोलू नका.

मोनास्तिराकीच्या मेट्रो स्टेशनातच एरिदानोस नदीचा जुना प्रवाह दिसतो, चौकात १७५९ ची मशीद आहे. रविवारी अविसिनियास चौकात जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथून अथिनास रस्त्यानं वर गेलात की वार्वाकिओस बाजार. एका बाजूला मटण-मासळीचे हॉल, दुसऱ्या बाजूला भाजी आणि ऑलिव्ह. शाकाहारींनी सरळ एव्रिपिदू गल्लीत वळावं, मसाल्यांची आणि वाळवलेल्या पाल्याची दुकानं तिथं आहेत. हा बाजार रविवारी बंद, म्हणजे दोन्ही बाजार एका दिवसात साधत नाहीत.

संध्याकाळी थिसिओ स्टेशनवर उतरून अपोस्तोलू पाव्लू आणि मग दिओनिसिऊ अरेओपागितू या रस्त्यांनी अक्रोपोली स्टेशनपर्यंत चालत या. गाड्यांना बंदी, रुंद, दीडेक किलोमीटर. गुडघेवाल्या बाबांनाही जमेल. सूर्यास्त फिलोपापू टेकडीवरून बघा. अरिओपागोस खडकावर सगळे जातात, पण तो अतिशय निसरडा आहे आणि अंधारात उतरताना पडायला होतं. लिकाबेतोसला (२७७ मीटर) रेल्वे वर नेते, मात्र ती पूर्ण बोगद्यातून जाते, वाटेत काहीच दिसत नाही.

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी दुपारी एकला उघडतं, सकाळी जाऊन हात हलवत परत येऊ नका. तिथं अँटिकिथेराचं काशाचं दातेरी यंत्र चुकवू नका.

प्रश्न (चिकोडी) : विमानतळावरून गावात कसं जायचं? चोरांचं खरं आहे का?

मेट्रोची ३ नंबरची निळी लाइन सरळ सिंताग्मा या मधल्या चौकाला आणि मोनास्तिराकीला नेते, सिंताग्मापर्यंत सुमारे चाळीस मिनिटं. विमानतळाचं तिकीट वेगळं आणि महाग असतं. गावातलं ९० मिनिटांचं साधं तिकीट तिथं चालत नाही, पकडलं तर दंड. रात्री उशिरा उतरलात तर एक्स-९५ बस चोवीस तास असते.

चोरांचं खरं आहे. सामान घेऊन डब्यात चढताना दारात तिघं-चौघं मुद्दाम अडतात, मागचे ढकलतात आणि त्या दोन सेकंदांत काम होतं. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी छातीवर, आणि गर्दी फार असेल तर ती गाडी सोडा. मोनास्तिराकी चौकात मनगटाला दोरा बांधायला येणाऱ्याला हात देऊ नका, बांधला की पैसे मागतो.

प्रश्न (गोकाक) : एका दिवसात सँटोरिनी करून येता येईल का?

नाही. ते बेट आहे, पिरिअस बंदराहून वेगवान बोटीलाही साधारण पाच तास लागतात. दोन रात्री असतील तरच जा.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : २०२७ च्या मे महिन्यात जायचं आहे. सुट्ट्या वगैरे आड येतील का? भाषेचं काय?

येतील. २०२७ मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे रोजी आहे. त्या रविवारी प्राचीन स्थळं बंद असतात, आधीच्या शुक्रवारी ती दुपारी बाराला उघडतात. ५ मेनंतर गेलात तर निर्धास्त. मात्र ईस्टरच्या आधीचा आठवडा गाठलात तर नीस्तीसिमो पदार्थ हवे तेवढे मिळतील, निपाणीच्या सासूबाईंसाठी तोच मुहूर्त.

इंग्रजीवर भागतं. कन्नड आणि देवनागरी अशा दोन पाट्या रोज वाचणाऱ्याला तिसरी लिपी जड जाऊ नये, गणितातले पाय, थीटा, सिग्मा इथं पाटीवर भेटतात. आणि संडासात कागद टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका, तिथल्या नळ्या अरुंद आहेत.

घोळ होतो तो एका शब्दाचा. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि 'ओही' म्हणजे नाही. वेटरनं "आणखी ब्रेड?" विचारलं आणि तुम्ही "नै, नै" म्हणालात की दुसरी टोपली येणार, बिलात चढणार. मान वर उडवून 'च्' केलंत तर मात्र तो बरोबर समजेल. ती खूण तिथंही नाहीचीच आहे.