कॅनडा एवढा अवाढव्य, मग बहुतेक लोक अमेरिकेच्या सीमेलगतच का राहतात?

अमेरिकेच्या ओढीने नव्हे, तर पीक येईल अशी माती आणि सोसवेल असा हिवाळा मुख्यतः दक्षिणेच्या पट्ट्यातच मिळतो म्हणून. नकाशात हडसन उपसागराभोवती घोड्याच्या नालासारखा पसरलेला 'कॅनेडियन शील्ड' हा प्राचीन कातळाचा प्रदेश पाहा. जवळपास निम्मा देश त्यानेच व्यापलाय. हिमनद्यांनी तिथली माती खरवडून नेली. बऱ्याच ठिकाणी वीतभर खणलं की थेट कातळ लागतो. खाणी चालतात, नांगर नाही. उलट सेंट लॉरेन्स नदी आणि पंचमहासरोवरांच्या काठी सुपीक जमीनही आहे आणि जलमार्गही, म्हणून साधारण ४ कोटींपैकी निम्मे लोक क्यूबेक शहर ते विंडसर याच पट्ट्यात आहेत. (टोरांटो चक्क अमेरिकेतल्या सिॲटलच्याही दक्षिणेला आहे!) पश्चिमेत १८८५ साली पूर्ण झालेली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे दक्षिणेकडून गेली आणि वस्ती रुळांच्या मागोमाग वाढली. मात्र 'सगळेच सीमेवर' असं समजू नका: दहा लाखांचं एडमंटन सीमेपासून सुमारे ५०० किलोमीटर आत आहे, आणि पार उत्तरेच्या नुनावुतमध्ये ४० हजारांच्या आसपास लोक राहतात, त्यांतले बहुतेक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी.