शब्दकोशात नसलेलं नाव

"मॅडम, मुलीचं नाव आम्ही स्वतः जुळवलंय. घरातले म्हणतात, त्याला अर्थच नाही. पुढं शाळेत पोरं चिडवतील का? मोठी झाल्यावर तीच आम्हाला बोल लावेल का?"

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या तरुण आईबापांकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर ऐकते. एका घराची गोष्ट सांगते. माणसांची नावं आणि खुणा बदलल्या आहेत, अक्षरं तेवढी जुळवून घेतली आहेत. बाळाचं नाव तसंच ठेवलंय, कारण ते जन्मदाखल्यावर गेलंच नाही.

विद्या आणि रुपेश बेळगावातल्या वडगावात राहणारे. रुपेश उद्यमबागेत फाउंड्रीत, विद्या माहेरची निपाणीची. बाळ पाच आठवड्यांचं झालं होतं आणि बारसं व्हायचं होतं. माळ्यावरचा पाळणा काढून, धुऊन, वाळवून झाला होता. भांडण झालं आणि तो पुन्हा माळ्यावर गेला.

विद्या बोलता बोलता रडायला लागली, म्हणून नावाचा विषय मी बाजूला ठेवला. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस उगाच डोळे भरून येणं नेहमीचं आहे. ते त्यापुढंही चाललं तर मात्र नीट पाहावं लागतं. झोप, जेवण, बाळाला जवळ घ्यावंसं वाटतं का, जिवाचं बरंवाईट मनात येतं का, सगळं विचारलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. दहाच प्रश्न असतात, मागच्या सात दिवसांबद्दलचे. काळजीचं काही निघालं नाही. बाई थकलेली होती आणि घरात कुणी धड बोलत नव्हतं, एवढंच.

मग नाव. इरुवी. 'इ' सासूबाई इंदूताईंचा, 'रु' रुपेशचा, 'वी' विद्याचा.

"माझ्या वर्गात चार विद्या होत्या," ती म्हणाली. "हजेरीत विद्या पी., विद्या एस., विद्या के. दहावीपर्यंत मी नुसती पी. होते. माझ्या पोरीचं तसं नको."

तिनं मोबाइलमध्ये बारशाचं कार्ड दाखवलं. गुलाबी हत्ती, त्याच्या सोंडेत फुगा, फुग्यावर सोनेरी अक्षरात इरुवी. कार्ड घरच्या ग्रुपवर पडलं तेव्हा चंदगडच्या वन्सं भाकऱ्या थापत होत्या. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्यानं नाव वाचलं ते ग्रुपवर. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. तो अंगठा कसला आहे हे विद्याला कळायला दोन दिवस लागले.

सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, "हे काय नाव? अर्थ काय ह्याचा?" आणि शेजारच्या कन्नड काकू हसल्या, "इरुवि? अय्यो, मुंगी की हो!"

पुस्तकी कन्नडमध्ये मुंगीला 'इरुवे' म्हणतात. आपल्याकडच्या कन्नड बोलीत शेवटचा 'ए' घसरून 'इ' होतो, 'मने'चं 'मनि' होतं तसं. म्हणजे आईबापांनी दोन पिढ्या जोडून जे बनवलं, ते गल्लीत आधीपासून साखरेच्या डब्याभोवती फिरत होतं.

अर्थाचा मुद्दा मला स्वतःला फारसा पटत नाही. पोर जगावं म्हणून आपल्याच लोकांनी दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवली, आणि ती माणसं मानानं जगली. उलट 'नकुशा'ला अगदी स्पष्ट अर्थ होता. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा मुलींना जाहीर कार्यक्रम करून नवी नावं दिली गेली, ती त्या अर्थापायीच. चिडवण्याचं म्हणाल तर वर्गातली पोरं कुठल्याही नावाचं यमक शोधून काढतात; मलाही शोधलं होतं, ते इथं लिहिणार नाही.

जुळवलेल्या नावाची खरी अडचण वेगळी असते. सुनीता कुठं 'सुनिथा' छापलं गेलं तरी वाचणारा मनात दुरुस्त करून घेतो, कारण नाव ओळखीचं असतं. नवं नाव कागदावर जसं पडेल तसंच वाचलं जातं, आणि आपल्याकडे कागद कन्नड आणि इंग्रजीत निघतो. म्हणून दुसऱ्या भेटीच्या आधी मी रुपेशला कामाला लावलं. नाव तिन्ही लिपींत चिठ्ठीवर लिहायचं, काही न सांगता फाउंड्रीतल्या लोकांकडून वाचून घ्यायचं. शिवाय गल्लीच्या टोकाला उभं राहून एकदा मोठ्यानं हाक मारायची. इंग्रजी चिठ्ठी वाचून सुपरवायझर 'आयरूवी' म्हणाला. कन्नड वाचणारे दोघं हसले. हाक मात्र छान गेली म्हणे.

घाई कशाची नाही, हेही सांगितलं. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा असतो, पण तेव्हा नाव ठरलेलं असायलाच पाहिजे असं नाही. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव फुकट घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. एकदा घातलेलं बदलणं मात्र जिकिरीचं. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा बारसं उशिरा झालं तरी चालेल, अक्षर चुकायला नको.

इथवर मी हे नवं विरुद्ध जुनं असंच धरून चालले होते. चूक माझीच. सासूबाईंना पहिल्याच भेटीत बोलवायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीला त्या आल्या. पिशवी मांडीवर, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या. मी म्हटलं, "तुमचं अक्षर सुनेनं सगळ्यांत पुढं ठेवलंय, तरी तुम्हाला का लागलं?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विद्याकडे न बघता म्हणाल्या, "इ माझा कुठला गे? लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं काढलं, इंदू. मी सातवी शिकलेली, वाचता येत होतं. वाचलं आणि मनात म्हटलं, ही कोण? माझं नाव शेवंता. आजीनं ठेवलेलं. अडतीस वर्षं झाली. भाऊ तेवढा त्या नावानं हाक मारायचा, तोही कोरोनात गेला."

रुपेश आईकडे बघत राहिला. मामा 'शेवे' म्हणायचा ते त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. त्याला ते लाडाचं वाटायचं.

"मग बाळाला तुमचं ते नाव..." विद्यानं सुरुवात केली.

"नको," सासूबाईंनी तोडलं. "माझं मला असू दे. तिला कुठलंही ठेवा, पण कार्डावर वाचायला लावू नका. मला नि तिच्या आत्याला आधी सांगा की."

मी टेबलावरचा कागद आणि पेन पुढं सरकवलं. का सरकवलं, तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सावकाश लिहिलं, शेवंता. 'व'वरचा अनुस्वार राहिला होता, तो मागून दिला. कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "चला, पोरीची दुधाची वेळ झाली."

बारसं चौथ्या महिन्यात झालं. विद्यानं तीन नावं जुळवली, तिन्ही कन्नड काकूंकडून तपासून घेतली आणि चंदगडला फोन केला. निवड वन्संनी केली. तेही नाव शब्दकोशात नाही. इथं ते देत नाही, कारण ते आता दाखल्यावर आहे.

मध्यंतरी विद्याची चौकशी करायला फोन केला, तर उचलला सासूबाईंनी. मागं पाळण्याच्या कड्यांचा आवाज येत होता.

"हळू बोला मॅडम," त्या कुजबुजल्या, "मुंगी आत्ताच झोपली आहे."