जळगावहून मुंबईला जाताना कसारा घाटात लागणारे बोगदे कधी खोदले? डायनामाइट होतं का तेव्हा?

इगतपुरी-कसाऱ्याचे मूळ बोगदे १८६५ मध्ये घाट सुरू होण्याआधी खोदले गेले, आणि तेही डायनामाइटशिवाय; त्याचं पेटंटच १८६७ चं. काळ्या कातळात पहारीवर घण मारत भोक पाडायचं, त्यात काळी दारू ठासायची, वात पेटवून पळायचं, मग दगड हातांनी उपसायचा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणून कसाऱ्याला आजही गाडी मागून ढकलायला बँकर (जादा) इंजिनं लागतात. आपल्या खानदेशचा कापूस रेल्वेनं थेट मुंबई बंदरात जाऊ लागला तो या मजुरांच्या कष्टांमुळे. मात्र आज दिसणारा प्रत्येक बोगदा तेव्हाचा नाही. मार्ग वाढले तसे नवेही खोदले.