हुकूमनामा झाल्यावर घराचे काय

चि. यास अनेक आशीर्वाद.

सूत व्यापाऱ्याच्या उधारीचा हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल, तुझ्याविरुद्ध झाला आणि आता बेळगावच्या वडगावातले घर मेहुण्याच्या नावावर बक्षीसपत्राने करून द्यायचे तू ठरवले आहेस, हे वाचून तातडीने लिहीत आहे. कृपा करून तसे करू नकोस. धनकोला बुडवण्यासाठी केलेले हस्तांतरण त्याला कोर्टातून रद्द करून घेता येते, जप्तीनंतर केलेले तर त्याच्यापुढे टिकतच नाही, आणि कोर्टाला तुझी दानत खोटी दिसली की दिवाणी कैदेचा प्रश्न उभा राहतो. एरवी केवळ ऐपत नाही म्हणून कोणाला कैदेत टाकत नाहीत.

हुकूमनामा झाला म्हणजे घर गेले असे नव्हे. धनकोला आधी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते, मग जप्ती, मग लिलावाचा जाहीरनामा. आणि जप्तीचा हुकूम दारावर चिकटला तरी घर त्या दिवशी तुझेच असते. मात्र आपल्याकडे नोटीस कन्नडमध्ये येते, आणि पुष्कळ मराठी घरांत ती न वाचता कपाटात जाते, याचे मला फार वाईट वाटते. ती आली त्याच दिवशी जाणत्याकडून वाचून घे आणि पुढची तारीख लिहून ठेव.

हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे तुझ्या गैरहजेरीत झालेला, असेल तर तो रद्द करून मागण्याची मुदत ३० दिवसांची आहे. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर ती तुला हुकूमनामा कळल्यापासून धरतात. अपील जिल्हा न्यायालयात असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात असेल तर ९० दिवस. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

रक्कम खरोखर देणे असेल, तर व्यापाऱ्याशी बोलून हप्ते ठरव, कारण हुकूमनाम्यानंतर हप्ते बांधून मिळण्यास त्याची संमती लागते. ठरलेले कोर्टापुढे लेखी नोंदव. एका गोष्टीत मात्र जराही ढिलाई करू नकोस: पैसे शक्यतो कोर्टात किंवा बँकेमार्फत भर, आणि बाहेर दिलेल्या प्रत्येक रकमेची नोंद ३० दिवसांच्या आत कोर्टात करून घे. दुकानात नेऊन दिलेली, वहीत मांडलेली पण कोर्टात न नोंदलेली रक्कम दरखास्त चालवणारे कोर्ट जमेस धरत नाही, आणि प्रामाणिक माणसाला तीच रक्कम पुन्हा भरावी लागते.

लिलावाची वेळ आलीच तर जाहीरनाम्यातली घराची किंमत तपास, कमी दाखवली असेल तर हरकत घे. घर स्वतः विकून वा गहाण टाकून रक्कम उभी करण्यासाठी लिलाव पुढे ढकलण्याचा अर्जही करता येतो, आणि खाजगी विक्रीत भाव बरा येतो. लिलाव झाल्यावरही ६० दिवसांच्या आत जाहीरनाम्यातली येणे रक्कम आणि शिवाय खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के इतकी रक्कम भरून तो रद्द करून मागता येतो. शेतकऱ्याच्या राहत्या घराला जप्तीतून सूट आहे, पण तुझा चरितार्थ यंत्रमागावर असल्याने ती तुला मिळायची नाही.

हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल, घराचा उतारा आणि आजवर दिलेल्या पैशांच्या पावत्या घेऊन या आठवड्यातच माझ्याकडे ये. तोवर मेहुण्याला कोणत्याही कागदावर सही करू देऊ नकोस.

तुझा,
काका