मास्कमागचं डोकं : कॅचर मुलांच्या पालकांचे प्रश्न

बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की अमेरिकेतल्या मराठी पालकांचे तेच ते प्रश्न पुन्हा येतात. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, पण त्याला मागे सरकून उभं राहता येत नाही. बॅटरच्या पाठीशी उकिडवं बसावं लागतं आणि बॅट तोंडासमोरून हातभर अंतरावर फिरते. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा आहे. शनिवारी सकाळी कॅचिंग करतो, दुपारी पिचिंग (बॅटरला चेंडू टाकणं). कोपर आतल्या बाजूने दुखतं. ओळखीचे म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, बर्फ लावा.

वाढीचं दुखणं बहुधा पायांत होतं आणि रात्री होतं. चेंडू फेकल्यावर कोपर दुखलं तर त्याला ते नाव देऊ नका. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि फेकण्याचा ताण तिच्यावर येतो. पिचरचे चेंडू सगळे मोजतात. कॅचर जवळपास प्रत्येक चेंडू परत फेकतो, ते मात्र कुणी मोजत नाही. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेचा नियम स्पष्ट आहे : ४ किंवा अधिक इनिंग कॅचिंग केलेल्या मुलाला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही आणि ४१ किंवा अधिक चेंडू टाकलेल्याला त्या दिवशी कॅचिंग करता येत नाही. तुमचा संघ दुसऱ्या संघटनेत खेळत असला, तरी मुलाचं कोपर तेच आहे. फेकणं आजपासून बंद करा आणि याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : सरावातही जांघेचा गार्ड घालायलाच हवा का?

हो. छातीचं पॅडसुद्धा.

प्रश्न : मुलगी सॉफ्टबॉलमध्ये कॅचर आहे. कॅचरचे गुडघे पस्तिशीत संपतात म्हणे. खरं आहे का?

सरसकट खरं नाही. इव्हान रॉड्रिगेझ मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, २,४२७ सामने कॅचर म्हणून खेळला, तो आजही विक्रम आहे. यादिएर मोलिना २०२२ साली चाळिशीत निवृत्त झाला, तोवर तो कॅचिंगच करत होता. गुडघ्यांवर भार येतो हे मात्र नक्की. हल्ली बरेच कॅचर एक गुडघा जमिनीला टेकवून बसतात. गुडघ्याला सूज आली, तो अडकला किंवा जिना उतरताना दुखला, तर लगेच दाखवा. नाहीतर मांड्यांचे आणि नितंबांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा. दहा दिवसांपूर्वी बॅटची कड लागलेला चेंडू थेट मास्कवर बसला. शुद्ध हरपली नव्हती. आता उजेड सहन होत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. रविवारी स्पर्धा आहे, कॉलेजचे स्काउट (खेळाडू हेरणारे) येणार आहेत. कोच म्हणतात, बेशुद्ध पडला नाही म्हणजे कन्कशन (मेंदूला बसलेला धक्का) नाही. खेळवावं का?

नाही. आणि रविवारपर्यंतही थांबू नका, डॉक्टरांची वेळ उद्याचीच घ्या.

कोचचं म्हणणं साफ चूक आहे. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. स्कॅन नॉर्मल आला तरी कन्कशन असू शकतं, कारण बिघाड मेंदूच्या कामात असतो, चित्रात तो दिसेलच असं नाही.

मिनेसोटा ट्विन्स या मेजर लीग संघाचा जो मावर आठवा. कॅचर असताना फलंदाजीची तीन अजिंक्यपदं जिंकणारा खेळाडू, २०१० मध्ये ८ वर्षांसाठी १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार झालेला. ऑगस्ट २०१३ मध्ये असाच एक चेंडू मास्कवर बसला. त्या मोसमात तो पुन्हा खेळला नाही आणि नोव्हेंबरमध्ये त्याने कॅचिंग सोडून पहिल्या बेसवर उभं राहायचं ठरवलं. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. तोवरची त्याची फलंदाजीची सरासरी .३२३ (हजार संधींत ३२३ यशस्वी फटके) होती, निवृत्तीला ती .३०६ वर आली. माइक मॅथनीची कॅचर म्हणूनची कारकीर्द तर अशाच आघातांमुळे संपली. जगातली उत्तम वैद्यकीय मदत दिमतीला असलेल्यांची ही गत झाली.

गेल्या वर्षी एक मुलगा माझ्या तपासणीच्या खोलीत आला आणि त्याने आधी दिवा बंद करायला सांगितलं. मास्क त्याने बरोबर आणला होता, कपाळासमोरची सळी आत वाकलेली. तीन आठवडे त्याने घरात काही सांगितलं नव्हतं. आपली जागा दुसऱ्या मुलाला जाईल, ही भीती. त्याचं अख्खं सत्र वाया गेलं. पहिल्या दिवशी आला असता तर मी त्याला काही दिवसांची विश्रांती सांगून पाठवलं असतं.

मेंदू सावरलेला नसताना दुसरा फटका बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. म्हणूनच अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत शालेय खेळाडूंसाठी कन्कशनचे कायदे आहेत. परतीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : आधी शाळा-अभ्यास, मग हलकं चालणं-धावणं, मग सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे आणि त्रास उलटला तर एक पायरी मागे यायचं. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली किंवा झोपेतून उठवता आलं नाही, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता ९११ ला फोन करा.

स्काउट पुढच्या वर्षीही येतील.

प्रश्न : 'कन्कशनप्रूफ' म्हणून एक मास्क दुकानात चारशे डॉलरला मिळतोय. घ्यावा का?

कन्कशन होऊच न देणारा मास्क किंवा हेल्मेट जगात कुठेही नाही. मास्क चेहऱ्याचं हाड, डोळे, दात वाचवतो. आत हलणारा मेंदू त्याला धरून ठेवता येत नाही. असं लिहून विकणारा तुमच्या भीतीवर पैसे कमावतोय. अधिकृत प्रमाणचिन्ह असलेला, मुलाच्या डोक्यावर घट्ट बसणारा मास्क घ्या, आणि त्याला जोरदार फटका बसला की तो बदला.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा. एक एजंट पैसे घेऊन 'व्यावसायिक संघात नक्की' म्हणतो.

नक्की असं कुणीच म्हणू शकत नाही. २०२३ च्या करारानुसार सिंगल-ए या खालच्या व्यावसायिक पातळीवर वर्षाचा किमान पगार २६,२०० डॉलर ठरला, आणि मेजर लीगच्या आधी तिथून वर अजून तीन पायऱ्या चढायच्या असतात. सही करण्याआधी शाळेच्या प्रशिक्षकांशी आणि वकिलाशी बोला. कॉलेजच्या संघातून खेळण्याची पात्रताही त्या सहीने जाऊ शकते.

प्रश्न : मुलगा डावखुरा आहे, कॅचर झाला तर चालेल का?

शरीराला काही अपाय नाही. व्यावसायिक पातळीवर मात्र डावखुरे कॅचर जवळपास नसतातच, ते प्रशिक्षकांना विचारा.