फ्लायफिशिंगचं पहिलं सामान: आधी लाइन, मग फ्लाय (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: दादा, लहानपणी मामाच्या गावी नदीवर गळ टाकून मासे धरलेत, तेवढाच काय तो अनुभव. एप्रिलमधे मित्रांसोबत हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जातोय. रॉड घेतला, 9 फुटी, 5 वेट. आता लाइन घ्यायला गेलो तर डब्ल्यूएफ, डीटी, फ्लोटिंग, सिंकिंग, डोकं फिरलं. आणि 100 फ्लायचा एक बॉक्स फार स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू का? – एक वाचक, पुणे

उत्तर: बॉक्स अजिबात घेऊ नका, ते पैसे लाइनमधे घाला. का ते सांगतो.

गळाला आपण शिसं लावतो, शिसं पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. इथे उलटं आहे, फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि दोरा गुंडाळलेला एवढासा हुक, तो हाताने फेकला तरी चार फुटांवर पडेल. म्हणून लाइनच जाड आणि वजनदार करतात, रॉड वाकतो तो लाइनच्या वजनाने आणि फ्लाय नुसता तिच्या टोकाला धरून जातो. हे एकदा डोक्यात बसलं की आकड्यांची भीती जाते. 5 वेट म्हणजे लाइनच्या पुढच्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, आपल्या हिशोबात साधारण 9 ग्रॅम. 4 वेटला 120 ग्रेन, 6 ला 160. तुमच्या रॉडवर मुठीच्या वरच्या बाजूला 5 लिहिलेलं असेल, तर लाइन 5 चीच घ्या, दुकानदार म्हणाला 7 ची पण चालते तरी नाही. हलकी लाइन लावली तर रॉड वाकतच नाही, आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.

डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढच्या भागात आणि मागे बारीक लाइन, लांब टाकायला सोपी. डीटी म्हणजे दोन्ही टोकं निमुळती, मधला भाग सारखा जाड, एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते. तीर्थन मोठाल्या दगडांमधून उड्या मारत जाणारी नदी आहे, तिथे तुमची बहुतेक कास्ट, म्हणजे लाइनची फेक, 20-30 फुटांच्या आतलीच असणार, त्यामुळे खरं तर दोन्ही चालतील, पण डब्ल्यूएफ सहज मिळते, तीच घ्या. पाकिटावर डब्ल्यूएफ-5-एफ असं लिहिलेलं असतं, त्यातला 5 च्या पुढचा शेवटचा एफ म्हणजे फ्लोटिंग, तरंगणारी. सिंकिंग लाइन ह्या ट्रिपला नकोच, ती खोल तळ्यांसाठी. रंग डोळ्यात भरेल असा, पिवळा किंवा नारिंगी, म्हणजे लाइन कुठे पडली ते दिसतं. आणि रीलवर फार खर्च करू नका, एवढ्या ट्राउटसाठी रील म्हणजे लाइन गुंडाळून ठेवायची जागा, बास.

लाइनच्या पुढे लीडर लागतो, म्हणजे लाइन आणि फ्लायला जोडणारा निमुळता होत जाणारा धागा, साडेसात ते 9 फुटांचा, टोकाला 5एक्स. एक्सचा आकडा वाढला की धागा बारीक होतो, 5एक्स म्हणजे साधारण 0.15 मिलिमीटर. कुठला एक्स घ्यायचा त्यासाठी फ्लायच्या हुकच्या नंबरला 3 ने भागायचं, म्हणजे 14 नंबरच्या फ्लायला 4एक्स नाहीतर 5एक्स. हुकचंही असंच उलटं, 16 नंबर 14 पेक्षा लहान.

प्रश्न: मी आणि मिस्टर दोघंही तीर्थनला जाणार आहोत, दोघंही नवीन. कोणते फ्लाय न्यायचे ते नावानिशी सांगा ना. – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी तिथला मासा काय खातो ते बघू. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला, इंग्रजांनी 1909 मधे कुल्लू भागात आणून सोडला, आणि तो तिथे छान रुजला. नदीवर पोचलात की रॉड जोडायच्या आधी घोटाभर पाण्यातला एक दगड हळूच उलटा करा. खालच्या बाजूला वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक बारीक नळ्या दिसतील, त्यात कॅडिस नावाच्या किड्याची अळी असते. बाजूला चपटं, दगडाला घट्ट चिकटून सरपटणारं, शेपटीला बहुतेक वेळा तीन केस असलेलं काहीतरी पळेल, ती मेफ्लाय नावाच्या किड्याची निंफ, म्हणजे पंख फुटायच्या आधीचं पाण्यातलं पिल्लू. दोनच केस आणि जरा दणकट असेल तर स्टोनफ्लाय. बघून झालं की दगड होता तसा ठेवा. ट्राउट आपलं बहुतेक खाणं असं पाण्याखालीच उरकतो, वर येऊन माशी टिपताना दिसतो ते थोडा वेळ.

म्हणून निंफ, म्हणजे अशा पिल्लांसारखे दिसणारे बुडणारे फ्लाय, आधी. फेजंट टेल आणि हेअर्स इअर, दोन्ही पुढे धातूचा मणी असलेले, 14 आणि 16 नंबर. फेजंट टेल हा फ्रँक सॉयर नावाच्या इंग्लंडमधल्या नदीराखणदाराने बांधला, दोरा न वापरता, नुसती तांब्याची तार आणि फेजंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू, आणि आजही जगभर चालतो कारण तो कुठल्याच एका किड्यासारखा नाही, सगळ्यांसारखा थोडा थोडा आहे. वर तरंगणारे दोन, एल्क हेअर कॅडिस 14 आणि पॅराशूट अ‍ॅडम्स 14-16. पाणी गढूळ असेल तर काळा नाहीतर ऑलिव्ह वुली बगर, 8 किंवा 10 नंबर. पाच प्रकार झाले, मला विचाराल तर पहिल्या वर्षी सहावा नकोच. पण प्रत्येकाचे पाच-सहा तरी घ्या हो, दगड आणि झाडं मिळून बरेच खातात, आणि दहा प्रकारांचा एकेक नग असला की ज्याला मासा लागतोय नेमका तोच तुटतो.

वापरायची सोपी पद्धत म्हणजे तरंगणाऱ्या एल्क हेअर कॅडिसच्या हुकच्या वळणाला दीड-दोन फूट धागा बांधून खाली निंफ लटकवायचा. वरचा फ्लाय थबकला किंवा बुडाला की लगेच रॉडचं टोक उचला. आणि फ्लाय शेजारच्या बुडबुड्यांच्या वेगानेच वाहायला हवा, लाइनने त्याला ओढलं की संपलं, मासा बघतही नाही. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा सोडताना त्याला त्रास होत नाही, आणि हात ओले करूनच धरा.

परवाना मत्स्य विभागाचा लागतो, होमस्टेवाले काढायला मदत करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, अंडी घालायचा काळ, तेव्हा कुणी चालतं म्हणालं तरी जाऊ नका. पावसाळ्यातही उपयोग नाही, नदी गढूळ.

प्रश्न: हेच सामान घेऊन इकडे महासीर करता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही. महासीरला 8 वेट, जाड टिपेट (लीडरच्या टोकाचा धागा) आणि दणकट हुक लागतात, आणि तिथे रीलचा ब्रेक खरोखर कामाला येतो. शिवाय आपल्याकडे कुठे परवानगी आहे ते आधी नीट विचारून घ्या. महाडजवळ वाळण कोंडीसारख्या ठिकाणी लोकांनी देवाचे मासे म्हणून महासीर पिढ्यानपिढ्या राखलेत, तिथे फक्त कुरमुरे टाकायचे आणि बघत बसायचं.

प्रश्न: जायच्या आधी प्रॅक्टिस कुठे करू? नवीन लाइन खराब तर होणार नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर: गवताचं मैदान बघा, सोसायटीच्या डांबरावर किंवा गच्चीच्या कोब्यावर नको, लाइनचं वरचं कोटिंग खरवडलं जातं. फ्लायऐवजी लोकरीचा छोटा तुकडा बांधा, हुक नको, आजूबाजूला पोरं असतात. मागे लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे, मान वळवून मागे बघितलं तरी चालेल. डीट असलेलं डासांचं औषध हाताला लावून लाइन धरू नका, प्लास्टिक विरघळतं त्याने, सनस्क्रीनही लावलं तर तळवे पुसून घ्या. घरी आल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून लाइन पुसून काढा, आणि गुंडाळ्यांचा पीळ बसला असेल तर मित्राला एक टोक धरायला देऊन हलकी ताणा.